न वाजणारे काडतूस

घास चावता चावता व्हेरा एकाएकी थांबली. तिने डोळे किंचित मिटले, जिभेने तोंडातल्या तोंडात काहीतरी शोधले आणि दोन बोटांनी ते बाहेर काढून ताटाच्या कडेवर ठेवले. चिनीमातीवर एवढासा आवाज झाला. त्या क्षणी कोणी बोलत असते तर तो ऐकूही आला नसता. मोहरीच्या दाण्याहून लहान, करड्या रंगाचा, वेडावाकडा कण होता तो.

"बाबा, हे काय आहे?"

"एल्कचा दात असेल," इवो म्हणाला. ताटात बाबांनी मारलेल्या एल्कचे, त्या थोराड हरणाचे, मांस होते आणि त्याच्या तोंडात अर्धा बटाटा.

"मांडीच्या मांसात दात? तुझ्या एल्कला कुठेकुठे दात होते रे दादा?"

"माझा नव्हे, बाबांचा एल्क. त्यांनाच विचार."

बहीणभाऊ हसले. एमिल हसला नाही. तो कण त्याने पाहताक्षणीच ओळखला होता, आणि ओळखूनही तो त्याच्याकडे अनोळखी वस्तूकडे पाहावे तसा पाहत राहिला. व्हेराला पाचवा महिना होता. तिचा डावा हात नकळत पोटावर गेला होता, आणि तो हात आणि तो कण यांच्यामधले टेबलावरचे अंतर एमिलचे डोळे सवयीने मोजत होते. ब्यूट गावच्या तांब्याच्या खाणींत त्याने आयुष्यभर मोजणीदाराचे काम केले होते. जमिनीखाली दोन बाजूंनी खोदत आलेले बोगदे त्याच्या आकड्यांवर विसंबून काळोखात एकमेकांना भेटत, आणि ते कधीही चुकले नव्हते. मोजता येते त्याची भीती बाळगायची नसते, असे तो मानत आला होता. हा कण मात्र मोजता येण्याजोगा नव्हता. तो एक सापडला होता. न सापडता गिळले गेलेले किती, हे कोणत्या दुर्बिणीतून पाहायचे?

बंदुकीच्या गोळीतले शिसे मऊ असते. हाडाला लागले की ते फुलते, फुटते, आतल्या आत विखुरते, आणि जनावर फार वेळ तडफडत नाही. एमिलचा बाप स्टीपान हे सांगताना आवाज खाली आणत असे, देवळात बोलावे तसा. पहिल्या एल्कपाशी त्याने एमिलचा हात त्या उबदार जखमेत घातला होता आणि म्हटले होते, "बघ, किती दयाळू धातू आहे." ती दया जखमेपाशीच थांबत नाही, धुळीसारखी होऊन वीतभर दूरच्या मांसात जाऊन बसते, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. जखमेभोवतालचे काळवंडलेले मांस कापून टाकले की उरलेले शुद्ध, असा सगळ्यांचा समज होता. आतडी डोंगरावरच पक्ष्यांसाठी ठेवायची, ही तर रीतच होती. घेणाऱ्याने मागे काहीतरी ठेवून जावे, असे बाप म्हणे. एका वसंतात ओढ्याकाठी एक गरुड जमिनीवर बसलेला दिसला होता. त्याचे पंख ओघळलेले होते आणि मान हळूहळू हलत होती, एखाद्या म्हाताऱ्याने कशाला तरी नकार देत राहावे तशी. लहानग्या इवोने विचारले होते, "बाबा, तो नको नको का म्हणतोय?" एमिलने त्याचे मनगट धरून त्याला पुढे ओढले होते. त्या मनगटाचा बारीकपणा आज जेवणाच्या टेबलावर त्याच्या तळहाताला पुन्हा जाणवला.

दुसऱ्या दिवशी व्हेरा एकटीच आली. अंगातला कोट न काढताच ती खुर्चीच्या टोकावर बसली.

"बाबा, रागावू नका. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय, बाळ होईपर्यंत हे मांस बंद. झाल्यावरही बाळाला द्यायचं नाही. माझं रक्त घेतलंय तपासायला."

"मी का रागावू?"

"तुमचा चेहरा सांगतोय." ती थोडी थांबली. "आईला दिवस गेले होते तेव्हाही तुम्ही हेच खायचात?"

"तुझ्या वेळी नाही. तोवर दुसरी खाण सुरू झाली होती, मला काम होतं."

हे वाक्य त्याने सहज उच्चारले, आणि उच्चारल्यानंतर त्याला त्याचा उरलेला अर्धा भाग ऐकू आला. व्हेरालाही तो ऐकू आला असावा. ती उठली, बापाच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि गेली.

इवोच्या वेळी काम नव्हते. खाण बंद झाली होती, पाणी उपसणारे पंप थांबवले गेले होते आणि गावाला लागून असलेल्या त्या प्रचंड खड्ड्यात पाणी चढू लागले होते. त्या हिवाळ्यात घरात दुसरे मांस आलेच नाही. स्टीपानच्या रायफलीने एमिलने पाडलेला एक एल्क आणि नंतर आणखी एक, एवढ्यावर तो हिवाळा निघाला. त्याच्या बायकोला, अँजेलाला, उलट्या होत. तरी तो तिच्यासमोर वाडगा धरी आणि म्हणे, "खा, रक्त होईल." ती खाई. दोन वर्षांपूर्वी ती वारली तेव्हा तिच्या कृतज्ञतेच्या ज्या ज्या आठवणी त्याने मनात जपून ठेवल्या, त्यांत तो वाडगाही होता. आता तो वाडगा आठवला की त्याच्या तळाशी काहीतरी करडे दिसू लागे.

इवो उशिरा बोलला. अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नसत. पाढे म्हणताना तो सातापाशी अडे, आणि समोर बसलेला एमिल हातातली लाकडी पट्टी टेबलावर आपटे. पुढे पुढे टेबलावर नव्हे. "आळशी आहेस. मनात आणलंस तर येईल." मुलगा मान खाली घालून हो म्हणे. इवोची एकच खोड होती. बाप तळघरात काडतुसे भरत असला की हा मागून येई, भरलेले एखादे काडतूस कानाशी नेऊन हलवी, आतल्या दारूची खसखस ऐकून आपल्याशीच हसे आणि दुसरे उचली. "ठेव ते. मी भरलंय म्हणजे बरोबरच आहे. ऐकायचं काय त्यात?" हे त्याला किती वेळा ऐकवले गेले, याची मोजणीदाराकडे मोजणी नव्हती. आज इवो टायरच्या दुकानात काम करतो, छत्तिशी ओलांडली तरी एकटा राहतो, आणि काही पडले, मोडले, हरवले की कोणी विचारण्याआधीच म्हणतो, "माझ्याच हातून झालं असेल."

तो आळशी नसेल तर? हा प्रश्न एमिलला दाढी करताना पडे, बुटाचे बंद बांधताना पडे, देवळात सगळे गुडघे टेकत असताना पडे. शिसे पोटातल्या मुलाच्या मेंदूला इजा करते, आणि रक्तातून निघून गेले तरी हाडात राहते, असे त्याने वाचले होते. ते खरे असले तरी इवोचे काय झाले हे कोणालाच सांगता येणार नव्हते. कदाचित तो जन्मतःच तसा असेल, कदाचित पट्टीनेच तसा झाला असेल. उत्तर कोठूनही येणार नव्हते आणि म्हणूनच प्रश्न जात नव्हता. फ्रीझरमधले सारे मांस एमिलने गाडीत घालून कचऱ्याच्या मैदानावर नेले आणि त्यावर स्वतः माती ओढली. मग तो बंदुकीच्या दुकानात गेला.

"तांबं?" दुकानदार हॅलोरन चष्मा कपाळावर चढवत म्हणाला. "तांब्यापायी ह्या गावानं अख्खा डोंगर खाल्ला, तरी तुझं पोट भरलं नाही होय एमिल?"

"अख्खी तांब्याची. आत शिसं नको. मॅग्नम रायफलीसाठी."

"आहे. हाडावर फुटत नाही, पुढून चार पाकळ्या उघडतात आणि आरपार जाते. पण एक ऐक माझं. हलकी घे. तांबं शिशाहून हलकं, म्हणजे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. लांब झाली की काडतुसात खोल बसते, दारूची जागा खाते."

"मला शिकवतोस?"

"नाही बाबा, तुला कोण शिकवणार! तू पृथ्वीच्या पोटात रेघा मारलेला माणूस. मी आपला दुकानदार."

एमिलने जुन्याच वजनाची गोळी घेतली. ते वजन बापाचे होते. रायफल बापाची, दारूचे मापही बापाने ठरवलेले, पुस्तकातल्या मर्यादेहून किंचित वर, 'ह्या नळीला सोसतं' असे म्हणून. माप बदलणे त्याला मान्य होते. वजनही बदलले तर त्या बंदुकीत बापाचे काय उरणार, असे त्याला वाटले. घरी येऊन त्याने एक तांब्याची गोळी आणि एक जुनी शिशाची गोळी शेजारी शेजारी उभ्या केल्या. तांब्याची खरोखरच उंच होती. ती गुळगुळीत, लालसर आणि थंड होती, तिच्या टोकाला एक बारीक छिद्र होते. ज्या धातूसाठी बाप आणि आजा काळोखात उतरले, तो इतका स्वच्छ त्याने कधी पाहिला नव्हता. त्याने ती ओठांना लावली. तिला चव नव्हती.

त्यानंतरचे दिवस त्याने तळघरात काढले, आणि ते त्याला फार दिवसांनी चांगले गेले. पितळी कोश निवडून धुवावेत, त्यांची तोंडे घासावीत, बुडाशी ठिणगी देणारी टोपी अंगठ्याच्या जाणिवेने दाबून बसवावी, तराजूच्या दांडीवरचे सरकते वजन खाचेत ठेवावे आणि दारूचे काळे कण चिमटीने एकेक सोडत दांडी समतोल होण्याची वाट पाहावी. या कामात घाईला स्थान नव्हते आणि म्हणून त्यात एक प्रकारची प्रार्थना होती. पुस्तकात तांब्याच्या गोळीसाठी सांगितलेले सर्वांत कमी माप त्याने घेतले. नळीतल्या, गोळीला पीळ देणाऱ्या आट्यांना भिडण्याआधी तांब्याला थोडी मोकळी जागा लागते, म्हणून गोळ्या मुद्दाम खोल बसवल्या. पहिली काडतुसे स्वतः जाऊन उडवून पाहिली. कागदावर तिन्ही छिद्रे एका नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ पडली. मग त्याच मापाने त्याने इवोची काडतुसे भरायला घेतली. या वर्षी रायफल इवोला द्यायची, कायमची, असे त्याने ठरवले होते. क्षमा मागण्याचे शब्द त्याला येत नव्हते, पण वस्तू देता येत होती.

दांडी शून्यावर बरोबर उभी राहते की नाही हे पाहण्यासाठी त्याने सरकते वजन मागे घेतले होते, तेवढ्यात वर फोन वाजला. व्हेराचा होता.

"बाबा, रक्त स्वच्छ आलं! काही नाही त्यात. बाई म्हणाल्या, निर्धास्त राहा."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. त्याने फोन छातीशी धरला.

"बाबा? आहात ना?"

"आहे. व्हेरा, एक विचारू? मोठ्या माणसाचं कळतं का गं? फार पूर्वी झालं असेल तर?"

ती हळू आवाजात म्हणाली, "आता काय कळणार? आणि कळून दादाला काय मिळणार? सोडा ते. नीट जेवा."

तो खाली आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि छातीतले कित्येक आठवड्यांचे ओझे कोणीतरी उतरवून घेतल्यासारखे वाटत होते. मूल सुखरूप होते. तो बाकावर बसला. हाताने सरकते वजन उचलले, खाचेत ठेवले आणि दारू सोडायला सुरुवात केली. दांडी समतोल झाली. पुन्हा झाली. आनंदात असलेल्या माणसाचे हात डोळ्यांची वाट पाहत नाहीत. ती दुपार त्याच्या आयुष्यातली शेवटची निष्पाप दुपार होती.

इवो आला तेव्हा एमिलने रायफल तेलाच्या कापडातून काढून त्याच्या दोन्ही हातांवर ठेवली.

"जपून आणतो परत," इवो म्हणाला.

"परत नको. तुझी आहे."

इवोने बापाकडे पाहिले, मग रायफलीकडे, मग पुन्हा बापाकडे. आपण नीट ऐकले की नाही याची खात्री नसल्यासारखे. "मी? पण बाबा, माझ्या हातून काही झालं म्हणजे..."

"काही होत नाही."

मग इवोने डबी उघडली. तांब्याची लाल टोके ओळीने उभी होती. त्याने एक काडतूस उचलले आणि त्याचा हात, इतक्या वर्षांनंतर, आपसूक कानाकडे निघाला. एमिलने फक्त पाहिले. तो बोलला नाही, भुवईही त्याने उंचावली नाही. निदान नंतर आठवताना त्याला तसेच वाटले. परंतु त्या पाहण्यात जे काही असेल ते इवोला पुरले. हात अर्ध्यावर थांबला, खाली आला आणि काडतूस जागेवर ठेवले गेले.

"सवय हो," तो ओशाळून हसला. "टायरपण मी ठोकून ऐकतो. मालक वैतागतो."

शनिवारी सकाळी, इवो रायफल उडवून पाहायला चांदमारीच्या मैदानावर गेलेला असताना, एमिल तळघर आवरू लागला. एक काडतूस डबीत न मावल्यामुळे बाकावर उरले होते. त्याने तराजूवर कापड घालण्यासाठी हात पुढे केला आणि तो हात तसाच राहिला. सरकते वजन जुन्या खाचेत होते, बापाच्या खाचेत. आपण दुसऱ्या कोणाच्या तरी तराजूकडे पाहत आहोत, असे त्याला क्षणभर वाटले. मग असेही वाटले की कापडाच्या टोकाने ते आत्ताच सरकले असेल. बोगद्याच्या टोकाशी दिवा दिसण्याऐवजी खडकच लागावा, तसे झाले. चाळीस वर्षे ज्या खाचेत बोटांनी वजन ठेवले, तिच्यातच त्यांनी ते पुन्हा ठेवले होते, आणि दांडी, बिचारी, सांगितले तेवढ्यालाच समतोल झाली होती. शिशाच्या गोळीचे माप, तेही मर्यादेबाहेरचे, आणि त्यावर ही लांब, खोल रुतलेली तांब्याची गोळी. त्याने उरलेले काडतूस उचलले. जन्मात प्रथमच त्याने ते कानाशी नेले आणि हलवले.

आवाज नव्हता. पुन्हा हलवले. आत दारू गोळीखाली ठासून गच्च बसली होती. कणाला हलायला जागा नव्हती. एवढेच ऐकायचे होते. एवढेच ते पोर लहानपणी ऐकत असे.

इवो फोन उचलत नव्हता. एमिल पुन्हा पुन्हा फोन लावत राहिला. त्याच्या मनात मैदान दिसत होते, गवतावरचे दहिवर, लाकडी बाकावर कोपर टेकून बसलेला मुलगा, दस्त्याशी टेकलेला गाल. त्याला सावकाश करायची सवय आहे, त्याने अजून उडवली नसेल. त्याचा हा मंदपणा, ज्यावर आपण पट्टी उगारली, तोच आज त्याला वाचवील, अशी एक लाजिरवाणी आशा त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली. तो कोट चढवत असताना फोन वाजला. तो इवोचा नव्हता.

इस्पितळाच्या बोळात व्हेरा त्याच्या आधी पोचली होती. ती भिंतीला पाठ लावून, पोटावर दोन्ही हात ठेवून उभी होती. "दादानं काय केलं आता?" ती रडत म्हणाली. ती ज्याच्यावर माया करत होती त्याच्याविषयीही तिला हेच विचारायचे सुचले, आणि ते तिला कोणी शिकवले हे एमिलला माहीत होते.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी उजेडाच्या चौकटीवर एक काळी फिल्म लावली. इवोच्या कवटीच्या धूसर आकारावर पांढरे कण विखुरले होते. मोहरीच्या दाण्याएवढे, त्याहून लहान, वेडेवाकडे. एमिलने ते पाहताक्षणी ओळखले.

"टोपी फुटली आणि आतला वायू मागे आला," बाई म्हणाल्या. "गालातले कण राहिले तरी चालतील. उजव्या डोळ्यात मात्र एक आत गेलाय, पितळेचा. तो आजच काढायला हवा. तरी दृष्टी राहील असं मी सांगू शकत नाही."

"शिसं नाही ना?" एमिलने विचारले. हा प्रश्न त्याने का विचारला, ते त्याचे त्याला कळले नाही.

बाईंनी त्याच्याकडे नवलाने पाहिले. "शिसं असतं तर बरं होतं. डोळा शिसं सोसतो, वर्षानुवर्षं गप्प बसतं ते. तांबं सोसत नाही. पितळेत तांबंच असतं ना, त्यानं डोळा आतून जळतो."

एमिल इवोच्या खोलीकडे वळला. 

इवो खाटेवर उताणा पडला होता. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती आणि उरलेल्या गालावर काळे ठिपके होते, पाऊस पडायला लागताना धुळीवर पडतात तसे. पावलांच्या आवाजावरून त्याने बापाला ओळखले.

"बाबा, आजोबांची रायफल गेली. मागचा बोल्ट उघडतच नाही म्हणाले ते लोक. माझ्याच हातून झालं."

"नाही."

"नळीत चिखल राहिला असेल. मी पुसली होती, पण माझं तुम्हाला माहीत आहे."

"इवो, ऐक. चूक माझी आहे. मी दारू जास्त भरली. वजन चुकीच्या खाचेत ठेवलं." शब्द बाहेर पडले, एकेक, तराजूत सोडल्यासारखे. आयुष्यात त्याने हे वाक्य कोणालाही म्हटले नव्हते.

इवोने चाचपडत बापाचा हात शोधला आणि थोपटला. "असं नका बोलू बाबा. तुमचं माप चुकत नाही. मला वाईट वाटू नये म्हणून बोलताय." तो हसायचा प्रयत्न करू लागला, पण गाल दुखला. "खरं सांगू? उडवायच्या आधी मी हलवून बघितलं होतं एक. वाजलं नाही. वाटलं तुम्हाला फोन करावा. मग म्हटलं, बाबांनी भरलंय, बरोबरच असणार. तांब्याची न वाजणारीच असतील."

एमिलने कोटाच्या खिशात हात घातला. उरलेले काडतूस घाईत तसेच तेथे आले होते. आता हे त्याला पटवले पाहिजे, एवढेच त्याच्या मनात होते. निदान एवढे तरी मोजून दाखवता येईल. त्याने ते मुलाच्या तळहातावर ठेवले आणि बोटे मिटवली. "हे त्याच दिवशी भरलेलं आहे. हलव. ऐक."

इवोची बोटे काडतुसावरून फिरली, त्यांनी ते ओळखले. त्याने पट्टीबाहेरचा डोळा बापाकडे वळवला. विचारल्यासारखे क्षणभर थांबून त्याने हात कानाशी नेला आणि हळूच हलवला. खोली शांत होती. त्याने पुन्हा हलवून पाहिले आणि त्याचा चेहरा, होता तेवढा, निवळला.

"बघा," तो म्हणाला, "हेही वाजत नाही. म्हणजे सगळी सारखीच आहेत, बाबा. माझंच काहीतरी चुकलं."